छळाची गोष्ट आणि तिच्यावरचा भरवसा: स्त्रियांच्या आश्रय-अर्जांबद्दल खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारचे समुपदेशक, विधी शाखेची मुलंमुली आणि परदेशात लेक दिलेली घरं यांच्याकडून तेच तेच प्रश्न फिरून येतात. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. एखाद्या चालू प्रकरणाचा सल्ला मात्र त्या देशातल्या वकिलाकडूनच घ्यावा.

१. निर्वासित म्हणजे नक्की कोण? नवऱ्याच्या मारहाणीतून पळालेली बाई त्यात बसते का?

१९५१ च्या निर्वासित करारात छळाची पाच कारणं दिली आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व आणि राजकीय मत. यांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी साधार भीती असलेला, आपल्या देशाबाहेर असलेला आणि तिथलं संरक्षण घेऊ न शकणारा माणूस निर्वासित ठरतो. यादीत ‘स्त्री असणं’ हे कारण नाही. म्हणून बायकांचे अर्ज बहुधा ‘सामाजिक गट’ या दारातून आत जातात.

हे दार हळूहळू उघडलं. मुलींच्या गुप्तांगाचा छेद करण्याच्या प्रथेतून पळालेल्या टोगोच्या एका तरुणीला १९९६ मध्ये अमेरिकेच्या अपील मंडळाने आश्रय दिला. व्यभिचाराचा आळ घेऊन घराबाहेर काढलेल्या दोन पाकिस्तानी बायकांबाबत १९९९ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटलं, की शासनच जिथे बायकांना वाऱ्यावर सोडतं तिथे त्या असा गट ठरतात. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये घरगुती हिंसेच्या प्रकरणात हीच वाट आणखी रुंद केली. अमेरिकेत मात्र घरगुती हिंसेच्या अर्जांसाठी २०१४ मध्ये उघडलेली वाट २०१८ मध्ये बंद झाली, २०२१ मध्ये पुन्हा उघडली आणि २०२५ मध्ये पुन्हा बंद झाली. तिथे सरकारागणिक नियम फिरतात.

म्हणजे मारहाण पुरेशी नाही, पण ती ‘घरातली भानगड’ म्हणून बादही होत नाही. मारणारा नवरा असला तरी पोलिसांनी आणि शासनाने तिला का वाचवलं नाही, हा खरा मुद्दा आहे.

२. भारतात असा अर्ज कुठे करतात? आपल्याकडे निर्वासितांचा कायदा आहे का?

नाही. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि १९६७ च्या पूरक करारावरही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांचं सरकार स्वतः पाहतं. अफगाण, सोमाली, रोहिंग्या अशांच्या मुलाखती संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था दिल्लीत घेते. गंमत म्हणजे केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०११ मध्ये दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी जी कार्यपद्धती ठरवली, तिच्यात छळाच्या कारणांमध्ये ‘लिंग’ हे कारण स्पष्ट लिहिलं आहे. मूळ करारात नसलेली ही गोष्ट करार न मानणाऱ्या देशाच्या कागदात आहे.

‘आपल्याकडे कुठे निर्वासित?’ असंही लोक विचारतात. जळगावच्या सिंधी कॉलनीतल्या जुन्या माणसांशी बोलून पाहा. फाळणीत पळवल्या गेलेल्या बायकांसाठी १९४९ चा कायदा झाला. त्यात तिने कुठे राहायचं हे तिच्या इच्छेवर नव्हे, अधिकाऱ्यांच्या आणि न्यायाधिकरणाच्या निर्णयावर होतं. बाईच्या शब्दाला किती वजन द्यायचं, हा वाद आपल्याला परका नाही.

३. पुरावा काय लागतो? कागदच नसतील तर?

तिचं स्वतःचं सांगणं हाच मुख्य पुरावा. छळ करणारा कोणी पावती देत नाही, हे निर्वासित कायद्याने पहिल्यापासून मानलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९७९ च्या मार्गदर्शिकेनुसार सत्य शोधण्याची जबाबदारी अर्जदार आणि अधिकारी दोघांची असते. तिने जमेल तेवढा प्रयत्न केला आणि सांगणं एकसंध असलं, तर उरलेल्या शंकेचा फायदा तिला द्यावा असं ही मार्गदर्शिका सांगते. कॅनडात १९८० च्या सुमाराच्या एका निकालापासून शपथेवर सांगितलेलं खरं धरूनच सुरुवात होते; शंकेला कारण लागतं.

कागद असले तर मात्र जपून. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर जन्मतारीख १ जून असणं किती साधं आहे! शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. पण नवरा, बायको आणि दीर तिघेही १ जूनचे निघाले की परदेशी अधिकाऱ्याला बनावट कागदांचा वास येतो. हे आधीच एका ओळीत लिहून द्यावं.

४. तिने तारखा वेगवेगळ्या सांगितल्या. म्हणजे ती खोटं बोलते का?

सर्वाधिक अर्ज याच दगडाला ठेचकाळतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट दिनदर्शिकेची. शिरपूरच्या किंवा साक्रीच्या बाईला ‘नवऱ्याने पहिल्यांदा कधी मारलं?’ असं विचारलं, तर ती सांगेल, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेराहून परत आले त्यानंतर. किंवा कापूस वेचणी चालू होती तेव्हा. आखाजी कधी एप्रिलात येते, कधी मेमध्ये. समोरचा कारकून त्यातून ‘२० एप्रिल’ बनवतो आणि वर्षभराने दुसरा ‘मे’ लिहितो. अफगाण बाईचं सौर वर्ष २१ मार्चच्या सुमाराला सुरू होतं, इथिओपियाचं वर्ष तेरा महिन्यांचं आणि आपल्या इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षं मागे. विसंगती बाईच्या तोंडात नसते, रूपांतरात असते.

दुसरी गोष्ट स्मृतीची. कोसोवो आणि बोस्नियातून ब्रिटनमध्ये आलेल्या निर्वासितांवर २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना राहायची परवानगी आधीच मिळालेली होती, खोटं बोलून काही मिळणार नव्हतं. तरी काही काळाने तीच घटना पुन्हा विचारल्यावर उत्तरं बदलली. कडेचे तपशील, म्हणजे वेळ, कपडे, कोण कुठे उभं होतं, हे जास्त बदलले. ज्यांच्या मनावरच्या आघाताची लक्षणं तीव्र होती, त्यांच्यात दोन मुलाखतींमधलं अंतर वाढलं तसा फरकही वाढला. भीतीच्या क्षणी मन एका गोष्टीला चिकटतं, सुरीला, दाराच्या कडीला. बाकीचं नीट नोंदलंच जात नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये, भारवाडा भोगिनभाई प्रकरणात, हेच सांगितलं होतं: साक्षीदाराची स्मृती म्हणजे पुन्हा लावून दाखवता येईल अशी व्हिडिओ टेप नव्हे, आणि किरकोळ फरकांवरून साक्ष फेकून देऊ नये. विद्यार्थ्यांनी परदेशी निकालांआधी हा वाचावा.

पण सगळेच फरक किरकोळ नसतात. त्यासाठी प्रश्न १० पाहा.

५. मुलाखतीत ती रडलीच नाही, उलट हसली. अधिकारी विश्वास ठेवेल का?

ठेवायला हवा, न ठेवण्याची शक्यता असते. चेहऱ्यावरून खरं-खोटं ओळखण्यात माणसं, अनुभवी अधिकारीसुद्धा, फारशी तरबेज नसतात. आघातानंतर काही जणी सपाट आवाजात बोलतात, जणू दुसरीचीच हकिकत सांगताहेत. काहींना नको तिथे हसू येतं. आणि पदर सावरत, खाली बघत बोलणं ही आपल्याकडे साहेबासमोरची रीत आहे. तिकडे नजर चुकवणं म्हणजे लपवाछपवी. ‘तिथे जरा रड हं’ असं शिकवणारी नातेवाईक मंडळी भेटतात. कृपा करून शिकवू नका.

६. बलात्काराची गोष्ट तिने पहिल्या मुलाखतीत सांगितलीच नाही, दोन वर्षांनी सांगितली. आता कोण मानणार?

लाज, नवऱ्याला कळायची भीती, बाजूला बसलेली मुलं, पुरुष दुभाषी: गप्प राहायला यातलं एकही पुरतं. १९९४ मध्ये जळगावचं लैंगिक शोषण प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा किती घरांनी दारं लावून घेतली हे इथल्या लोकांना सांगायला नको. आपल्याच शहरात, आपल्याच भाषेत बायका बोलू शकल्या नाहीत. विमानतळावर गणवेशातल्या माणसासमोर पहिल्या तासात त्या कशा बोलतील?

कायदा मात्र देशादेशात वेगळा. अमेरिकेत पोहोचल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. छळाच्या परिणामातून आलेला मानसिक आजार हे उशिराचं मान्य कारण होऊ शकतं. ब्रिटनच्या २००४ च्या कायद्यात काही प्रकारच्या दिरंगाईचा विश्वासार्हतेवर परिणाम धरला जातो. म्हणून उशीर का झाला हे तिच्या शब्दांत लिहून द्यावं. मौन कशामुळे होतं आणि कशामुळे सुटलं, दोन्ही यावं.

७. तक्रार करून ती पुन्हा नांदायला गेली. यावरून भीती नव्हती असं ठरतं का?

नाही. पोलीस ठाण्यात बसून ‘समझोता’ लिहून देणं आणि भावाने परत नेऊन सोडणं किती सहज घडतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. लांबच्या देशातल्या अधिकाऱ्याला नाही. कॅनडाने १९९३ मध्येच स्त्री अर्जदारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या २०२२ मध्ये नव्याने लिहिल्या. असे गैरसमज टाळा, असंच त्या सांगतात. निवेदनात इतकं हवं: परत जायचा निर्णय कोणी घेतला, तिच्या हातात पैसे होते का, मुलं कुठे होती, समझोत्याच्या कागदावर सही करताना तो तिला कोणी वाचून दाखवला का. ठाण्याने अदखलपात्र नोंद केली असेल तर तिची प्रत जोडावी. शासनाने किती हात वर केले, हे त्या कागदावरून दिसतं.

८. दुभाषी मराठी होता, ती अहिराणी बोलते. काय करावं?

लगेच, मुलाखत चालू असतानाच, सांगावं आणि नोंदवून घ्यावं. नंतर सांगितलं की सबब वाटते. अहिराणी बोलणारी बाई प्रमाण मराठी ‘समजतं’ म्हणते, पण शरीराबद्दल, अंथरुणाबद्दल बोलताना तिला आपलीच बोली लागते. पावरी किंवा भिली बोलणारीचा तर प्रश्नच वेगळा. मराठी ही तिची शाळेची भाषा, ती शाळेत गेली असेल तर. बाई अधिकारी आणि बाई दुभाषी मागण्याची सोय अनेक देशांत आहे. नवरा, दीर, मुलगा किंवा समाजातला ओळखीचा माणूस दुभाषी म्हणून कधीही नको. शेवटी जबाब तिच्या भाषेत वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

९. डॉक्टरांनी आघाताचा दाखला दिला की काम झालं ना?

दाखला मदत करतो, निकाल देत नाही. छळाच्या खुणा तपासण्याची जागतिक पद्धत ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ नावाने १९९९ पासून आहे. २०२२ मध्ये ती सुधारली. व्रण तिच्या सांगण्याशी किती जुळतो हे डॉक्टर पायऱ्यांनी सांगतो: जुळत नाही, जुळतो, बराच जुळतो, अशाच इजेचा नेहमीचा आहे, दुसऱ्या कशाने होऊच शकत नाही. कोणी मारलं हे डॉक्टर सांगू शकत नाही.

काही अधिकारी आधी ‘ही खोटी’ असं ठरवतात आणि मग दाखला उघडतात. ब्रिटनच्या अपील न्यायालयाने २००५ मध्ये मिबांगा प्रकरणात ही पद्धत चूक ठरवली. सगळा पुरावा एकत्र पाहूनच मत बनवायचं. उलट बाजूही लक्षात असू द्या: निदान झालं नाही म्हणजे छळ झाला नाही असं नाही. काही बायका सगळं सोसून उभ्या राहतात. त्यांची भीती त्यामुळे कमी साधार ठरत नाही.

१०. मग आघात म्हटला की सगळ्या विसंगती माफ?

नाहीत, आणि असं म्हणणाऱ्या समुपदेशकांमुळे खऱ्या अर्जदारांचं नुकसान होतं. आघाताने तारीख सरकते, क्रम उलटतो, एखादा भाग गळतो. पण ज्या नवऱ्याच्या भीतीने देश सोडला, तो त्या वर्षी दुबईत होता असं पासपोर्टच्या शिक्क्यांवरून दिसलं, तर ‘धक्क्याने विसरले’ हे उत्तर चालत नाही.

पाहायचं ते असं: फरक गाभ्यात आहे की कडेला? दोन्ही वेळा प्रश्न तोच होता का? आणि मुख्य म्हणजे, फरक तिच्यासमोर ठेवून ‘हे कसं?’ असं विचारलं का? न विचारता निकालपत्रात विसंगती काढणं हा अधिकाऱ्याचा दोष, आणि अपिलात तो दाखवता येतो. अमेरिकेत २००५ च्या कायद्याने गाभ्याशी संबंध नसलेल्या विसंगतीवरूनही अविश्वास दाखवायची मुभा दिली आहे. त्यामुळे तिथे कडेचे तपशीलही सांभाळावे लागतात. एका बाबतीत खोटं सापडलं म्हणून बाकी सगळं खोटंच, असाही नियम नाही. दलालाने पढवलेला प्रवासाचा मार्ग खोटा आणि अंगावरचे चटके खरे, असं पुष्कळदा असतं.

११. तिचं निवेदन आम्ही नीट लिहून दिलं तर चालेल का?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. माझ्या मते अर्जदाराचं सगळ्यात जास्त नुकसान शत्रू करत नाहीत, नीटनेटकं लिहून देणारी भली माणसं करतात.

आपल्याकडे कोर्टाच्या आवारात प्रतिज्ञापत्र तयार होतं, तेव्हा त्याची भाषा ठरलेली असते: ‘शारीरिक व मानसिक छळ करून, उपाशीपोटी ठेवून, माहेरून पैसे आणण्याचा तगादा लावला.’ हे वाक्य किती अर्जांत जसंच्या तसं असेल! इथल्या कोर्टाला त्याची सवय आहे. आश्रयाच्या मुलाखतीत तेच वाक्य घात करतं. अधिकारी विचारतो, ‘उपाशी ठेवलं म्हणजे काय?’ ती सांगते, ‘उपाशी नाही, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवायचे.’ झाली विसंगती. खरं तर तिचं उत्तर कागदापेक्षा कितीतरी पटीने पटणारं आहे. ज्याने ती गोष्ट सोसली तोच असं सांगतो.

म्हणून लिहून घेताना ती बोलते तसं, तिच्या क्रमाने घ्या. तारीख आठवत नसेल तर ‘तारीख आठवत नाही, कापूस वेचणीचे दिवस होते’ असंच लिहा. गाळलेल्या जागा स्वतः भरू नका. ‘मग तुम्ही घाबरला असाल ना?’ असे प्रश्न टाळा. ‘मग काय झालं?’ एवढंच पुरे. एका बैठकीत सगळं उकरू नका, मध्ये पाणी, चहा, उठून फिरणं होऊ द्या. मुलांना बाहेर ठेवा. तिच्या बोलीतलं मूळ टिपण आणि त्यावरून केलेला अनुवाद, दोन्ही जपून ठेवा.

आणि शेजारणीच्या मंजूर झालेल्या अर्जातली गोष्ट उसनी घेऊ नका. अधिकारी एकाच भागातल्या गोष्टी ओळीने वाचत असतो.

१२. बहीण नवऱ्याबरोबर परदेशात आहे, तो मारतो. भुसावळहून आम्ही काय करू? आश्रयाचा अर्ज करायला सांगू का?

आधी दुसरे रस्ते पाहा. आश्रय मागितला की पासपोर्ट अडकतो आणि माहेरी येणं जवळपास बंद होतं (प्रश्न १६). ब्रिटनमध्ये जोडीदार व्हिसावरच्या पीडित बायकांना तीन महिन्यांची स्वतंत्र परवानगी आणि सरकारी मदत मिळण्याची सोय आहे. त्या काळात कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. अमेरिकेत नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर १९९४ च्या कायद्याखाली बायको स्वतः अर्ज करू शकते. तो नोकरीच्या व्हिसावर असेल तर ही वाट नाही. पोलिसांना तपासात मदत केल्यास गुन्ह्याच्या पीडितांसाठीचा यू व्हिसा मागता येतो, पण त्याची रांग फार लांब आहे. कॅनडाने २०१९ पासून अशा बायकांसाठी विनाशुल्क तात्पुरता परवाना ठेवला आहे. इथून तुम्ही राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाकडे तक्रार करू शकता. तिने पाठवलेले मेसेज आणि फोटो तारखेसकट जपून ठेवा, आणि तिच्या फोनवर नवऱ्याचा डोळा आहे असं धरूनच बोला.

१३. ‘मुंबई-पुण्याला जाऊन राहा’ असं म्हणून अर्ज फेटाळला. बरोबर आहे का?

भारतीय बायकांचे अर्ज बहुधा इथेच अडतात. देश मोठा, २००५ चा घरगुती हिंसेविरुद्धचा कायदा आहे, महानगरं आहेत. मग परदेश कशाला? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे दोन भाग आहेत आणि दोन्ही तपासायला हवेत: तिथे नवरा तिला शोधून काढेल का, आणि तिच्यासारख्या बाईने तिथे राहावं ही अपेक्षा वाजवी आहे का. दोन मुलं, सातवीपर्यंत शिक्षण, खोली भाड्याने मागितली की ‘मिस्टर काय करतात?’ ही चौकशी. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बाईचं उत्तर वेगळं येईल, आणि तिने ते प्रामाणिकपणे मान्य करावं. कायदा पुस्तकात असणं आणि तिच्या तालुक्यात तो हलणं यातला फरक तिच्याच अनुभवाने दाखवावा लागतो; वर्तमानपत्राच्या कात्रणांनी नाही.

१४. धडगाव-अक्कलकुव्याकडे बाईला डाकीण ठरवून गावाबाहेर काढतात. ती निर्वासित का नाही?

तिने देशाची सीमा ओलांडलेली नाही म्हणून. तिच्यासाठी महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. समाजाने वाळीत टाकलं असेल तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही आहे. पण अशाच आळामुळे आफ्रिकेतल्या देशांतून पळालेल्या बायका आश्रय मागतात आणि त्यांना ऐकावं लागतं, ‘आजच्या काळात असं कोण करतं?’ अधिकाऱ्याला एखादी गोष्ट अशक्य वाटणं आणि ती तिथे अशक्य असणं, यातलं अंतर सातपुड्यात काम केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

१५. हे सगळं फक्त बायकांसाठी आहे का?

नाही. समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्ती, लैंगिक अत्याचार झालेले पुरुष, सगळे यात येतात. पुरुष तर आणखी उशिरा बोलतात. ‘लपून राहिलास तर काही होणार नाही’ हे कारण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नाकारलं. लैंगिकतेची ‘परीक्षा’ घेणं आणि खाजगी चित्रफिती पुरावा म्हणून स्वीकारणं युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये बंद केलं.

१६. वडील वारले म्हणून ती आठ दिवस गावी येऊन गेली. अर्ज बुडाला का?

आपोआप नाही, पण धोका मोठा. ज्या देशाची भीती आहे तिथे स्वतःहून जाणं भीतीविरुद्ध धरलं जातं. का आली, कुठे उतरली, सासरच्यांपासून लपून राहिली का, कोणाच्या गाडीतून स्टेशनवर गेली, हे सगळं लगेच लिहून ठेवावं. अंत्यविधीला आली आणि माहेरच्या खोलीबाहेर पडली नाही, ही एक गोष्ट. बाराव्यानंतर नातलगाच्या लग्नात नाचतानाचा फोटो फेसबुकवर, ही दुसरी. नुसता हसरा फोटो मात्र काहीच सिद्ध करत नाही. फोटोसाठी सगळेच हसतात.

१७. परदेशातला वकील आमच्या समुपदेशन केंद्राच्या नोंदी मागतो. द्याव्यात का?

तिच्या लेखी संमतीशिवाय नाही, आणि संमती तिने स्वतः, कोणाच्या दबावाशिवाय दिली आहे याची फोनवर नव्हे, शक्यतो व्हिडिओवर खात्री करून. द्यायच्याच तर जशा आहेत तशा द्या. जुनी नोंद आज ‘सुधारून’ दिली तर तुमच्यासकट तिचाही भरवसा जातो. नोंदीत तिच्याविरुद्ध जाणारं काही असेल, समजा ‘नवऱ्याची तक्रार नाही, सासूची आहे’ असं पहिल्या दिवशीचं वाक्य, तर तेही राहू द्या. सोबत वेगळ्या पत्रात लिहा की त्या दिवशी नवरा बाहेरच्या बाकावर बसला होता. असं लिहिण्यासाठी ते तेव्हा टिपलेलं असावं लागतं. म्हणून यापुढे नोंद करताना बाई काय बोलली याबरोबर खोलीत आणि दाराबाहेर कोण होतं, हेही लिहीत जा.